गुडघ्याचा पट्टा : कधी बांधायचा, कधी सोडायचा?



आजचा पाठ कोणत्याही पुस्तकात नाही. तो मला दोन गुडघ्यांनी शिकवला. एक गुडघा माझ्या वर्गातल्या नववीच्या मुलीचा, दुसरा माझ्या आईचा. दोघींची शस्त्रक्रिया एकाच वर्षी झाली, एकीची धुळ्याला, दुसरीची जळगावला. दोघींनाही पायाला बांधायला पट्टा मिळाला, म्हणजे ज्याला आपण 'नी ब्रेस' म्हणतो तो. मुलीनं शस्त्रक्रियेच्या आधी चुकीचा पट्टा बांधून चुकीचं काम केलं. आईनं बरोबर पट्टा बांधला, पण तो वेळेवर सोडलाच नाही. दोन्ही चुकांत माझा हात होता, म्हणून हा लेख लिहितोय.

आपल्याकडे पारोळा, एरंडोल, अमळनेर, शिरपूर कुठंही जा, प्रत्येक शाळेत कबड्डी आणि खो-खो आहे आणि प्रत्येक गल्लीत गुडघे धरून बसलेली एक आजी आहे. त्यामुळे हा विषय तुमच्या घरात किंवा वर्गात आज ना उद्या येणारच. तेव्हा थोडा वेळ काढून वाचा.

आधी काय घडलं ते सांगतो

ऑगस्ट महिना. तालुका स्पर्धेला आठ-दहा दिवस राहिले होते. आमच्या संघातली चांगली चढाई करणारी मुलगी सरावात मध्यरेषेकडे परत फिरली. फिरताना तिनं एकदम दिशा बदलली आणि ती खाली बसली. तिला कुणी धरलं नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नव्हता. म्हणाली, "सर, आतून टक् असा आवाज आला."

मी बर्फ लावला, स्प्रे मारला आणि म्हणालो, "काही नाही, मुरगळलं असेल. दोन दिवसांत पळशील." त्या संध्याकाळी गुडघा टम्म सुजला. चार दिवसांनी सूज उतरली. तिच्या वडिलांनी मेडिकलमधून लवचिक कापडाची नी कॅप आणली. ती घालून मुलगी चालू लागली, मग हळूहळू पळूही लागली. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला संघाची काळजी जास्त होती.

स्पर्धेच्या दिवशी ती नी कॅप घालूनच उतरली. दुसऱ्या चढाईत गुडघा पुन्हा निसटला, आणि या वेळी अडकला. धड वाकेना, धड सरळ होईना. धुळ्याला नेऊन एमआरआय केला. आतला अस्थिबंध तुटलेला आणि गादी फाटलेली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अस्थिबंध बहुतेक पहिल्याच दिवशी तुटला असेल. गादी मात्र कदाचित वाचली असती."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तुम्हीही दोन गोष्टी विसरू नका. गुडघ्यातून 'टक्' आवाज येणं आणि काही तासांतच गुडघा फुगणं ही दोन्ही एकत्र दिसली, तर ते साधं मुरगळणं समजू नका. खेळ तिथंच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सूज उतरली म्हणजे आतलं जुळलं, असं होत नाही.

गुडघा म्हणजे नुसती बिजागरी नाही

आपण वर्गात गुडघा हा बिजागरीच्या सांध्याचे उदाहरण म्हणून शिकवतो. ते बरोबर आहे, पण अर्धेच. दाराची बिजागरी एकाच रेषेत फिरते. गुडघा वाकतो, सरळ होतो आणि वाकलेला असताना थोडा आत-बाहेर वळतोही.

गुडघ्यात वरून मांडीचे हाड येते आणि खालून नडगीचे. समोर वाटी असते. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्यांनाच आपण 'गादी' म्हणतो. त्या धक्का झेलतात आणि भार पसरवतात. हाडांना एकत्र बांधून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध असतात. दोन बाजूंना दोन, आणि आतमध्ये एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन. या फुलीतल्या पुढच्या बंधाला डॉक्टर मंडळी 'एसीएल' म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळवटू न देणे, हे त्याचे काम. कबड्डीत धावता धावता गर्रकन फिरताना नेमका यावरच ताण येतो. खेळ तोच असला तरी मुलांपेक्षा मुलींमध्ये हा बंध तुटण्याचे प्रमाण अधिक आढळते. मुलींचा संघ घेणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

पूर्ण तुटलेला एसीएल हाडासारखा आपोआप नीट जुळून येईल, असा भरवसा धरता येत नाही. म्हणून खेळाडूंमध्ये बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा वाटीखालची दोरी घेऊन नवा बंध बसवतात. पण इथे एक गंमत आहे, ती पालकांना समजावून सांगावी लागते. बसवलेला बंध पहिल्या दिवशी जेवढा मजबूत असतो, तेवढा तो दोन-तीन महिन्यांनी राहत नाही. शरीर त्या दोरीला आपलंसं करताना तिच्यात नव्या रक्तवाहिन्या येतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात, आणि या काळात ती आधी कमकुवत होते, मग हळूहळू घट्ट होते. नेमकं त्याच वेळी दुखणं थांबलेलं असतं, सूज नसते आणि मुलाला वाटतं, "मी तर बरा झालो!" घोळ इथंच होतो.

वर्गात करून पाहा

आमच्या नववीत मी हा प्रयोग केला, तुम्हीही करू शकता. साहित्य : दोन जाड काठ्या, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, स्पंजचा तुकडा, एक रुमाल, दोन फूटपट्ट्या आणि सुतळी.

१. एका काठीच्या टोकावर दुसरीचं टोक ठेवा. मध्ये स्पंज ठेवा. ही झाली गादी.

२. ट्यूबच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या बांधा, आणि दोन पट्ट्या बाजूंनी. हे झाले चार अस्थिबंध. आता खालची काठी पुढे ढकला. सरकत नाही.

३. फुलीतली पुढची पट्टी कापा. पुन्हा ढकला. काठी पुढे सरकते आणि स्पंज चिमटतो. इथं मुलांना न सांगताच कळतं, की बंध तुटल्यावर खेळत राहिलं तर गादी का फाटते.

४. आता सांध्याभोवती रुमाल गुंडाळा. ही झाली नी कॅप. ढकला. काठी अजून सरकते!

५. रुमाल काढा, दोन्ही बाजूंना फूटपट्ट्या लावून सुतळीनं आवळा. हा झाला दांड्यांचा पट्टा. बाजूला वाकणं थांबलं. पुढं सरकणं कमी झालं, पण जोर लावला तर थोडं सरकतंच.

चौथ्या पायरीला वर्ग गप्प झाला. ती मुलगी तेव्हा पहिल्या बाकावर पाय लांब करून बसली होती. तीच म्हणाली, "म्हणजे सर, माझी टोपी नुसती दिसायला होती." मी मान डोलावली. काय बोलणार?

पट्टे किती प्रकारचे?

पट्टा म्हटला की सगळे एकच, असं लोक समजतात. तसं नाही.

नी कॅप : लवचिक कापडाची. ऊब देते, हलका दाब देते, सांध्याची जाणीव करून देते. किरकोळ दुखण्यात बरं वाटतं. तुटलेल्या बंधाचं काम ती करत नाही.

लाँग नी ब्रेस : मांडीपासून पोटरीपर्यंत लांब, आत सरळ पट्ट्या. गुडघा सरळ ठेवतो. वाटीचं हाड मोडलं असेल, किंवा शस्त्रक्रियेनंतर मांडीत अजून ताकद आली नसेल आणि चालताना गुडघा दुमडण्याची भीती असेल, तेव्हा देतात.

बिजागरीचा पट्टा : दोन्ही बाजूंना दांड्या आणि गुडघ्याजवळ बिजागरी. तिच्यावर अंशांचे आकडे असतात. ० ते ३०, ० ते ६०, ० ते ९० असं किती वाकू द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. गणिताच्या शिक्षकांनी एकदा हा पट्टा वर्गात दाखवावाच. कोनमापक मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

खेळाचा पट्टा : बरं झाल्यानंतर मैदानावर घालायचा, मजबूत पण हलका.

वेल्क्रोची गोष्टही मुलांना सांगा. स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल १९४१ मध्ये फिरून आले, तेव्हा त्यांच्या कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा होता. त्यावरून त्यांना वेल्क्रो सुचलं. आपल्या बांधावर फिरताना आघाडा कपड्यांना चिकटतो, त्याकडे आपण कधी असं पाहिलं का?

सगळ्यांना पट्टा लागतोच का?

नाही. हे वाचून काही पालकांना आश्चर्य वाटेल. नुसता एसीएल नव्याने बसवला असेल, तर अनेक डॉक्टर आता पट्टा देत नाहीत, कारण पट्टा बांधलेल्या आणि न बांधलेल्या रुग्णांत पुढे फारसा फरक दिसत नाही. पण गादी शिवली असेल, वाटीचे हाड किंवा मांडीची दोरी जोडली असेल, एकापेक्षा जास्त बंध दुरुस्त केले असतील, तर टाके टिकावेत म्हणून काही आठवडे पट्टा सांगतात. आमच्या मुलीची गादी शिवली होती, म्हणून तिला साधारण सहा आठवडे बिजागरीचा पट्टा होता आणि सुरुवातीला ९० अंशांपुढे वाकायला बंदी होती.

त्यामुळे "शेजारच्या पोराला पट्टा नव्हता, मग माझ्या पोराला का?" किंवा "त्याला दोन महिने होता, मग आम्हाला एवढाच का?" अशी तुलना करू नका. शस्त्रक्रिया बाहेरून सारखी दिसली तरी आत काय शिवलंय त्यावर सगळं ठरतं. कागदावर लिहून घ्या : पट्टा किती दिवस, किती अंश, झोपताना घालायचा की काढायचा, पाय किती टेकायचा. डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

आईची चूक, म्हणजे माझी चूक

आता दुसरा गुडघा. आईचा सांधा झिजला होता, बदलावा लागला. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्या शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा घराघरात या ऑपरेशनची चर्चा झाली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वसाधारण वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. त्यानंतर मध्यमवर्गालाही तो विचार परवडू लागला.

आईला सुरुवातीचे दिवस चालताना बांधायला लाँग नी ब्रेस दिला होता. चालताना, एवढंच. पण घरी आल्यावर आई तो बांधूनच बसायची, बांधूनच झोपायची. बघायला येणाऱ्या बाया विचारायच्या, "पायले काय व्हयनं?" आणि आई अभिमानानं पट्टा दाखवायची. मी म्हणायचो, "सोड थोडा वेळ." ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, बरं वाटस." मलाही वाटलं, बांधलाय तर चांगलंच आहे, पडायची भीती नाही. व्यायाम दुखतो म्हणून तिनं टाळला आणि मी टाळू दिला.

पाचव्या आठवड्यात दाखवायला गेलो. गुडघा साठ अंशांपुढे वाकेना. खुर्चीतून सहज उठायलाही ९० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाकावं लागतं! फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सांधा बदलल्यावर हालचाल हेच औषध. पट्ट्यानं पाय सांभाळला, पण मांडी झोपवली." पुढचे दोन महिने आईनं रडत रडत व्यायाम केला. जे पहिल्या पंधरवड्यात थोड्या दुखण्यावर झालं असतं, ते नंतर फार दुखून झालं.

पट्टा हा आधार आहे, इलाज नाही. इलाज म्हणजे आपले स्नायू. गुडघा जखमी झाला की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने बारीक होतो. दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून पाहा, फरक डोळ्यांनी दिसेल.

बांधताना घ्यायची काळजी

१. पाय सरळ ठेवून, बसून किंवा पडून बांधा. उभं राहून बांधू नका.

२. बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर हवी. पट्टा चालताना खाली घसरतो. घसरला की काढून पुन्हा नीट बांधा, नुसता वर ओढू नका.

३. पट्टीखाली दोन बोटं जावीत इतकंच घट्ट. पाय निळसर, थंड किंवा बधिर झाला तर लगेच सैल करा.

४. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली एक हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्याजवळून एक महत्त्वाची नस जाते. तिथं पट्टा रुतला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, पाऊल वर उचलता येत नाही. असं झालं तर वाट पाहू नका, डॉक्टरांना फोन करा.

५. अंशांचा आकडा स्वतःहून बदलू नका. घरातल्या लहान पोरांना तो खेळण्यासारखा वाटतो, तेही लक्ष ठेवा.

६. आपल्या जळगावचा उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीच्या वर! घाम साचून पुरळ उठतं, खाज येते. पट्ट्याखाली पातळ सुती कापड किंवा लांब मोजा घाला. काढायची परवानगी असेल तेव्हा त्वचा पुसून कोरडी करा आणि लालसर डाग आहेत का ते पाहा. पावडरचा थर मारू नका, घामात त्याचा लगदा होतो.

७. आतलं कापड सौम्य साबणानं हातानं धुवा, सावलीत वाळवा. धुताना वेल्क्रो बंद ठेवा, नाहीतर दोरे अडकून तो चिकटेनासा होतो. ओला पट्टा बांधू नका.

८. गुडघ्याखाली उशी घेऊन तासन् तास झोपू नका. आराम वाटतो, पण गुडघा पूर्ण सरळ होणं बंद होतं. चालण्यासाठी वाकण्याइतकंच सरळ होणंही महत्त्वाचं आहे.

रोजचा व्यायाम

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर सुरुवातीला हे तीन व्यायाम बहुतेकांना सांगतात. घोटा वर-खाली हलवणे, म्हणजे पायात रक्त साचत नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे आणि पाच आकडे मोजेपर्यंत मांडी घट्ट धरणे. पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलणे. दिवसातून एकदाच पन्नास वेळा करण्यापेक्षा दहा-दहा वेळा पाच सत्रांत करणे सोपे जाते. मुलीच्या आईनं यावर छान युक्ती काढली होती. भाकरी थापायला बसायच्या आधी दहा, जेवणानंतर दहा, टीव्हीवरची मालिका लागली की दहा.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण नेमकं उलटं धरतात.

लगेच दवाखाना गाठा, असं केव्हा? पोटरी दुखून कडक, गरम किंवा सुजलेली झाली तर. ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला तर. आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका, १०८ ला फोन करा. पायात झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊ शकते.

घरात आणि शाळेत काय बदलायचं?

आपलं सगळं जगणं जमिनीवरचं. पंगतीत मांडी घालून बसणं, उकिडवं बसून भांडी घासणं, देशी पद्धतीचं शौचालय. पट्टा बांधलेल्या माणसाला यातलं काहीच जमत नाही. कमोडची खुर्ची भाड्यानंही मिळते. पलंग नसेल तर दोन गाद्या एकावर एक टाका. ओली फरशी, उंबरा, दारातली गोणपाटं, सगळं बाजूला करा.

शाळेत आम्ही काय केलं ते सांगतो. नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो तीन महिन्यांसाठी खाली आणला. एका मुलीला बसवायला सगळा वर्ग हलवायचा का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. मुख्याध्यापकांनी उत्तर दिलं, "मग काय, मुलीला रोज उचलून न्यायचं?" विषय संपला. पाय लांब ठेवायला समोर एक स्टूल. प्रार्थनेला उभं राहण्यातून सूट. दोन मैत्रिणी दप्तर आणि डब्यासाठी. एसटीची पायरी उंच असते, म्हणून शेजारच्या काकांच्या रिक्षात. दहावीचं वर्ष असेल तर परीक्षा केंद्राला आधीच कळवून तळमजल्यावर बैठक मागावी. काही विशेष सवलत लागणार असेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे वेळेत अर्ज करावा.

पैशांचंही बोलू. महाराष्ट्राची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. शस्त्रक्रिया ठरण्याच्या आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, काय बसतं आणि पट्ट्याचा खर्च कुणाचा ते विचारून घ्या. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. खेळताना अपघात झाला असेल तर मुख्याध्यापकांनी कागद लगेच जमवायला घ्यावेत. नंतर तारखा आठवत नाहीत.

मैदानावर परत केव्हा?

सगळ्यात जास्त घाई इथंच होते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवावे, तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटतो. प्रत्येक महिन्याला तो जवळपास निम्मा होत जातो. मोठ्या खेळाडूंकडे बघा. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ ला झाला, जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि तो सामन्यात उतरला मार्च २०२४ मध्ये. विनेश फोगाटची शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईतच झाली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिनं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. दिमतीला तज्ज्ञ असणाऱ्यांनाही कितीतरी महिने लागतात, मग आपल्या पोरांना तीन महिन्यांत कसं मैदानावर ढकलायचं?

आणि कॅलेंडरही एकटं पुरेसं नाही. एका पायावर उडी मारून अंतर मोजतात. जखमी पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरली पाहिजे. मांडीची ताकदही तशीच मोजतात. दुखापत होऊच नये म्हणूनही खूप करता येतं. आता आमच्या शाळेत सरावाआधी वीस मिनिटं ठरलेली असतात : हलकं धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न जाऊ देता मऊ उतरणं, दिशा बदलण्याचा हळू सराव. आधी आम्ही दोन फेऱ्या मारून थेट चढाया सुरू करायचो.

शेवटी

आई आता बाजारात चालत जाते. पट्टा माळ्यावर आहे. तो कुणाला द्यायचा विचार होता, पण मापाचा आणि सल्ल्याचा असल्यामुळे दिला नाही. तुम्हीही दुसऱ्याचा पट्टा मागून आणून बांधू नका.

मुलगी दहावीत गेली. सहा आठवड्यांनी पट्टा सुटला, तेव्हा आनंदापेक्षा भीती जास्त होती. पहिले दोन दिवस ती भिंत धरून चालली. मग व्यायाम, व्यायाम आणि व्यायाम. यंदाच्या ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धेआधी तिची चाचणी झाली. ताकद भरली, पण उडी ब्याऐंशी टक्केच. ती माझ्याकडे बघत होती. गेल्या वर्षी मी जे बोललो होतो ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

मी म्हणालो, "यंदा नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग गुणपत्रक मी लिहिते, सर." त्या दिवशी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून तिनं प्रत्येक चढाई लिहिली. मधल्या वेळेत सातवीतली एक मुलगी गुडघा चोळत बाहेर आली, तेव्हा मी उठायच्या आधी हीच उठली आणि तिला विचारलं, "आवाज आला का गं आतून?"

शिक्षकांनो, पालकांनो, एवढा एक प्रश्न आपण सगळ्यांनी विचारायला शिकलो, तरी हा पाठ पूर्ण झाला.